रोल अजून डबीतच आहे

प्रिय सुमे,

दीड वर्षात एक पत्र नाही, आणि फोन केला तोही तुझ्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी. रागावली असशील तर खुशाल रागाव, पण हे शेवटपर्यंत वाच. बाबांच्या हाताबद्दल लिहायचं आहे. घरात सगळ्यांना थोडंथोडं कळलंय, पण या उन्हाळ्यात मी काय केलं ते कुणालाच माहीत नाही. सांगावंसं वाटलं ते फक्त तुला. का, ते पुढे कळेलच.

तब्येती ठीक. आईचा गुडघा आहे तसाच, माझी मान आहे तशीच. दादाचं वजन उतरलंय, असं दादा सांगतो.

हंगाम तुला माहीत आहे. दोन महिन्यांत सतरा लग्नं, मधे मधे शाळांचे ग्रुप, दोन साखरपुडे, आणि शेवटी आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली तो आमचा घरचा समारंभ. सगळे कामाला जुंपलेले. दादा व्हिडिओला, वहिनी रात्री अल्बमची पानं लावणार, ताईची पोरं स्टँड आणि छत्र्या उचलणार, आई पहाटे उठून बॅटऱ्या चार्जिंगला लावणार. ताई सुट्टी म्हणून आली आणि आल्या दिवसापासून हिशेबाची वही तिच्या मांडीवर. रात्री कितीही वाजोत, कॅमेऱ्यांची कार्डं उतरवून तीन प्रती झाल्याशिवाय कुणी झोपायचं नाही, त्यातली एक घराबाहेर ठेवायची, हा बाबांचा नियम. सगळी जमिनीवर पाय पसरून बसलेली, कॉम्प्युटरवर ती हिरवी पट्टी पुढे सरकतेय, आणि दादा दिवसभरातल्या पाहुण्यांच्या नकला करतोय. त्या मामांची नक्कल केली तेव्हा वहिनी इतकी हसली की तिच्या हातातलं कार्ड कपाटाखाली गेलं. मग रात्री दोन वाजता आठ माणसं जमिनीला गाल लावून टॉर्च मारतायत! सुमे, इतकं एकत्र आम्ही कित्येक वर्षांत नव्हतो. म्हणूनच मला ते बोलवेना.

पहिल्यांदा मला दिसला तो ब्रश. पोरांना दुपारी कुठेतरी गुंतवायला हवं होतं, म्हणून बाबा त्यांना गच्चीवर निळे छाप काढायला शिकवत होते. आपल्याला शिकवलं होतं तसंच. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड, दोन्ही द्रावणं सारखी मिसळायची, अंधुक उजेडात कागदावर ब्रशनं लावून वाळवायची, वर पान, पीस, किल्ली काय हवं ते ठेवून कागद उन्हात धरायचा आणि साध्या पाण्यात धुवायचा. ऊन लागलं तिथे निळं, झाकलं तिथे पांढरं. गोष्टही तीच सांगत होते: हर्शेलनं १८४२ मध्ये ही रीत शोधली आणि दुसऱ्याच वर्षी ॲना ॲटकिन्स या बाईनं समुद्रातल्या शेवाळांचे असे छाप घेऊन पुस्तक काढायला सुरुवात केली. तुला आठवतं का, बाबा रसायन लावायचे तेव्हा कड पट्टीनं आखल्यासारखी यायची? आपल्याकडून कधीच आली नाही. यंदा त्यांची कड दातेरी आली. धाकट्यानं विचारलं, "आजोबा, तुम्ही लाटा काढल्या?" बाबा म्हणाले, "हो, समुद्राचं पुस्तक आहे ना." मग काय, सगळ्या पोरांनी मुद्दाम लाटा काढल्या. मी दारात उभी होते. ब्रश कागदाला टेकायच्या आधी हवेतच हलत होता.

वय झालं, एवढंच मनात आलं, आणि मी खाली निघून गेले. त्या रात्री बाबांचं कार्ड उघडलं.

बाबांनी काढलेली नवरीची क्लोजअप, ८५ ची लेन्स. मोठी करून बघितली तर कानातल्या मोत्याला दोन कडा. म्हटलं फोकस चुकला असेल, प्रत्येकाचा चुकतो. मग मागच्या रोषणाईकडे लक्ष गेलं. बाबांनीच शिकवलंय की दिवे गोल फुगले तर फोकस चुकला, दिव्यांना शेपट्या फुटल्या तर हात हलला. सगळ्या दिव्यांना शेपट्या होत्या, सगळ्या एकाच दिशेला. पुढची फ्रेम तशीच, त्याच्या पुढची तशीच. शेकडा तीस-चाळीस तरी. आणि चेहरे कसले टिपलेत गं! निरोपाच्या वेळी बापानं मान वळवली तो क्षण आमच्यापैकी कुणालाच मिळाला नव्हता, तो बाबांना मिळाला होता. नजर तशीच धारदार आहे. हात साथ देत नाही.

बाबांचा हात, सुमे! सगळं जग सांगतं की लेन्स ५० ची असेल तर ६० च्या, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागाच्या, स्पीडखाली हातात कॅमेरा धरू नका, आणि हा माणूस १५ ला, सेकंदाच्या पंधराव्या भागाला, उभा राहायचा. श्वास अर्धा सोडायचा, कोपर बरगडीला टेकवायचं आणि शटर दाबायचं नाही, पिळायचं. तू त्यांच्या लेन्सवर नाणं ठेवून पैज लावली होतीस आणि हरलीस म्हणून आठवडाभर ट्रे घासलेस.

आता मी काय केलं ते ऐक. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या कॅमेऱ्याच्या मेनूत जाऊन ऑटो आयएसओमध्ये किमान स्पीड ५०० करून ठेवला. ते ॲपर्चर लावतात, बाकीचं कॅमेऱ्यावर सोडतात, त्यामुळे कळायचं कारण नव्हतं. फोटोला दाणे आले असते, पण हललेला दिसला नसता. आणि आधीच्या लग्नांमधले हललेले सगळे फोटो निवडीला जायच्या आत उचलून वेगळ्या फोल्डरमध्ये टाकले. बाबा रोज सकाळी निवड बघतात, त्यांना फक्त चांगले दिसत होते. "यंदा जमतंय हं," असं एकदा म्हणाले. मला रडू आवरलं नाही, डोळ्यात काहीतरी गेलं सांगून उठले. त्या फोल्डरला नाव काय द्यावं सुचेना. तुझं नाव दिलंय.

तुझंच का, ते आपल्या दोघींनाच माहीत. तो ग्रुपचा रोल. तू कॅमेऱ्याची पाठ उघडलीस आणि आत फिल्म तशीच ताणलेली, रिवाइंड न केलेली. उजेड लागून रोल गेला. तू सांगितलंस की फिल्म स्पूलला धरलीच नव्हती, रोल कोराच राहिला. आणि मी सगळ्यांच्या देखत ओरडले, "ही खोटं बोलतेय, हिनं पाठ उघडताना मी बघितलंय." बाबा काहीच बोलले नाहीत. तू पाटी-पिशवी उचलून गेलीस ती चार महिने आली नाहीस. रोल रिवाइंड झालाय, काढून ठेव, असं तुला बाबांनीच सांगितलं होतं, हे मला कळलं तुझ्या लग्नाच्या आदल्या रात्री. तू त्यांना झाकलंस. गिऱ्हाइकापुढे त्यांची मान खाली जाऊ नये म्हणून स्वतःवर घेतलंस. आणि मी खऱ्याखोट्याचा झेंडा घेऊन उभी! त्या रात्री मी तुला "अगं, सांगायचंस ना" एवढंच म्हणाले. माफी मागितलीच नाही. आज मागते. तेव्हा तुला पोटात कसं वाटलं असेल ते या दोन महिन्यांत रोज रात्री कार्डं उतरवताना कळलं. एक मात्र अजूनही माझं म्हणणं आहे की त्यानंतर चार महिने अबोला धरणं जरा जास्तच होतं. भांडायचं असेल तर येऊन भांड.

पण तुझं खोटं टिकलं, माझं टिकलं नाही. बाराव्या लग्नात हॉलभर एलईडी दिवे होते. असल्या दिव्यांची लुकलुक डोळ्याला दिसत नाही, पण शटर वेगात चाललं की फोटोत आडवे काळे पट्टे येतात. माझ्या हे लक्षातच आलं नाही. बाबांनी चार फोटो काढले, स्क्रीन बघितली, पट्टे बघितले, स्पीड बघितला. मला हाक मारली. "या दिव्यांखाली ५०० कुणी लावला?"

मी म्हटलं, "काल तुमचा कॅमेरा मी घेतला होता, तसाच राहिला असेल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. आपण प्रिंट चुकीच्या ट्रेमध्ये टाकली की बघायचे ना, तसं. मग मेनूत जाऊन स्वतः स्पीड खाली आणला, बटण शोधायला त्यांना वेळ लागला, मी मदत केली नाही. पुढची सगळी संध्याकाळ त्यांनी खांबाला टेकून काढली. खरंच, प्रत्येक फोटो खांबाला किंवा दाराच्या चौकटीला खांदा टेकवून. घरी येऊन बघितलं तर शेपट्या निम्म्याहून कमी.

म्हणजे त्यांना माहीत आहे? केव्हापासून? आणि माझ्या फोल्डरचंही? या प्रश्नांनी माझी झोप गेलीय. ताई म्हणते आधी डॉक्टरांकडे चला. काम करतानाच थरथरतो की हात रिकामा असतानाही, हे ते विचारतात म्हणे, कारण त्यावरून पुढचं ठरतं. कामाच्या वेळीच थरथरतो असं मला वाटतं, मांडीवर ठेवलेला हात शांत असतो. पुढच्या आठवड्यात नेणार आहोत. दादा म्हणतो बाबांनी आता गल्ल्यावर बसावं. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. तो चुकीचं बोलला म्हणून नव्हे, इतक्या सहज बोलला म्हणून. आणि आई काहीच म्हणत नाही. परवा बघितलं, ती बाबांच्या शर्टाच्या बाह्यांची बटणं लावत होती. दोघं बोलत होती भलत्याच विषयावर, आणि बाबांनी मनगट आपणहून पुढे केलं होतं. त्या सवयीला नक्कीच बरेच महिने झाले असणार.

सांगायचं कसं, सुमे? "बाबा, तुमचा हात हलतो" हे वाक्य मी आरशासमोर म्हणून बघितलं. स्पीड वाढवा, स्टॅबिलायझर असलेला कॅमेरा घेऊ, मोनोपॉड घ्या, हे सगळं मला सांगता येतं, कोणत्याही गिऱ्हाइकाला मी ते सांगितलं असतं. पण त्यांना ते सांगणं म्हणजे त्यांचा १५ त्यांच्याकडून काढून घेणं.

आता समारंभाचं सांगते, मग थांबते. गच्चीवर केला, घरचीच माणसं, आणि तात्या. (तात्यांनी तुझी चौकशी तीनदा केली. तीनही वेळा तुला मुलगीच आहे असं समजून.) आईनं पन्नास वर्षांतली स्वतः रिटच केलेली प्रिंट्स भिंतीवर लावली होती. निगेटिव्हवर पेन्सिलीनं काम करायची ते दिवस, पोरांना खरंच वाटेना. संध्याकाळी ग्रुप फोटोची वेळ झाली. मी कॅमेरा आणायला वळले तर बाबा म्हणाले, "थांब, तो नको." आत जाऊन जुना घेऊन आले, फिल्मचा. आणि ट्रायपॉड. जड, लाकडी पायांचा, आपण ज्याला घोडा म्हणायचो तो. एकेक पाय त्यांनी स्वतः उघडला. सगळ्यांना बसवलं, पोरं चुळबुळ करायला लागली तेव्हा दागेरची गोष्ट सांगितली: १८३८ मध्ये त्यानं पॅरिसच्या रस्त्याचा फोटो घेतला, लेन्स कित्येक मिनिटं उघडी, त्यामुळे चालणारी माणसं, गाड्या, घोडे सगळे नाहीसे झाले, आणि बूट पॉलिश करून घेणारा एकटा माणूस फोटोत उमटला कारण तो थांबला होता. धाकट्यानं विचारलं, "आणि पॉलिशवाला?" बाबा म्हणाले, "तोही आहे, पण थोडा हललाय. चालतं तेवढं."

मग रबरी फुग्याची ती लांब नळी लावली, फुगा आईच्या हातात दिला आणि तिच्याशेजारी येऊन बसले. "मी म्हणेन तेव्हा दाब." उजेड उतरला होता. मी कॅमेऱ्याजवळून माझ्या जागेवर जाताना स्पीडची चकती बघितली. १५ वर होती.

सहा फ्रेम घरच्यांच्या, उरलेल्या पोरांना दिल्या. रोल संपल्यावर बाबांनी रिवाइंड केला. हात थरथरत होता, ते त्यांनी लपवलं नाही. फिल्म सुटल्यावर क्रँक सैल फिरते ना, ती तशी फिरायला लागल्यावरही त्यांनी आणखी तीन-चार फेरे दिले, मग कॅमेरा माझ्या कानाशी धरला. "ऐक. सुटली का? नीट ऐक." मी म्हटलं, सुटली. तेव्हा त्यांनी पाठ उघडली, रोल काढला, माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "सुमन कधी येतेय?"

तुझ्या नव्या नोकरीचं ताईकडून कळलं, मनापासून अभिनंदन. लेकाचा निकाल काय? सासूबाईंना नमस्कार. नवऱ्याला सांग, त्याचा तो जुना फ्लॅश दुरुस्त झालाय.

डेव्हलपर नवा आणलाय, हायपो भरपूर आहे. अंधारात फिल्म स्पूलवर चढवायला बाबा आता बसणार नाहीत, आणि माझ्याकडून ती नेहमी एकदा तरी अडकते, तुझ्याकडून कधीच नाही. उकाड्यात पाणी वीस अंशांवर आणायला बर्फ लागेल, तो मी बघते. रोल अजून डबीतच आहे, डबी माझ्या टेबलाच्या वरच्या खणात. तू येईपर्यंत धुवायचा नाही, असं मी बाबांना सांगितलंय.

तुझी,
मी

ता. क. त्या फोल्डरमधला निरोपाचा फोटो, तो बापाचा, मी परत निवडीत टाकलाय. हललेला आहे तसाच. बाबांनी सकाळी बघितला, बराच वेळ बघितला, आणि अल्बमच्या पहिल्या पानासाठी खूण केली.