पुण्याला येण्याआधी वाचा

प्रिय आई, बाबा,

फोनवरच बोललो असतो, पण बाबा मध्येच फोन आईकडे देतात आणि आई रडायला लागते. म्हणून लिहितोय. ताईने तुम्हांला सांगितलंच आहे. कारखान्यात नवा सुतार ठेवलाय, तो खुनाच्या गुन्ह्यात चौदा वर्षं काढून येरवड्यातून सुटलाय. कामाला लागलासुद्धा. आधी विचारलं नाही, कारण बाबा नको म्हणाले असते आणि मला त्यांचा शब्द मोडावा लागला असता.

तो घरी राहत नाही, हे आधी वाचा. कारखान्याच्या माळ्यावर झोपतो. तुमची खोली तळमजल्यावरची, पूर्वेच्या खिडकीची. संडासात धरायला दांडी बसवलीय. आईला दुपारी लागतो तसा छोटा पंखा आणलाय. रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली की कॅम्पातून मासळी आणेन. आपल्या बोंबलांची सर नाही, पण चालवून घ्या.

सुतार काय, पन्नास मिळतात, असं बाबा म्हणतील. मिळतात. हा सागवानाचा सांधा असा बसवतो की फट सापडत नाही, पण त्यासाठी ठेवलाय असं म्हणणं खोटं होईल. आमचा गट तुरुंगात प्रार्थनेला जातो, तिथे ओळख झाली. सुटल्यावर त्याला कोणी दारात उभं करीना. मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभू म्हणतो, मी तुरुंगात होतो आणि तुम्ही मला भेटायला आलात. कैदी निर्दोष असला तरच जा, असं तो कुठे म्हणत नाही.

आई, सिस्टर राणी मारिया तुला आठवत असतील. इंदूरजवळ भूमिहीनांना सावकारांविरुद्ध उभं केलं म्हणून 1995 साली त्यांना बसमध्ये भोसकलं. मारणारा समंदर सिंग. त्याला जन्मठेप झाली. त्यांच्या धाकट्या बहिणीने, सिस्टर सेल्मींनी, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. सिस्टरांच्या घरच्यांनीच त्याच्या सुटकेसाठी शब्द टाकला आणि 2006 मध्ये तो सुटला. पुढे तो केरळात त्यांच्या घरीही गेला. सिस्टरांच्या म्हाताऱ्या आईने त्याचे हात हातात घेऊन चुंबले होते. माझ्याने ते झालं नसतं. मी फक्त पगार देतोय.

बाबा, काकांबद्दल मी एक अक्षर बोलत नाही. त्यांना मारणाऱ्या माणसाला माफ करा, असं तुम्हांला सांगणारा मी कोण? त्याला फाशीच व्हायला हवी होती, असं तुम्ही अजून म्हणता, आणि काकूकडे पाहिलं की मलाही उत्तर सुचत नाही. पोप फ्रान्सिस यांनी 2018 मध्ये धर्मशिक्षणाच्या ग्रंथात बदल करून मृत्युदंड अमान्य ठरवला, हे मी सांगितलं तर ‘पोपच्या घरात नाही झालं असं’ हे तुमचं उत्तर तयारच असेल. पण पोप दुसऱ्या जॉन पॉलना 1981 मध्ये गोळ्या लागल्या होत्या, बाबा. तेही नंतर मारेकऱ्याला तुरुंगात जाऊन भेटले.

आणि हे तुम्हीच शिकवलंय. गुड फ्रायडेला मी तुमच्या खांद्यावर, तुमचे कान धरून, तीन क्रुसांतला चोर कुठला विचारत होतो. तुम्ही म्हणालात, दोन्हीकडचे चोरच, पण त्यातल्या एकाला प्रभू सोबत घेऊन गेला. चोराला कसं नेलं, म्हणून मी घरी येईपर्यंत तुमचं डोकं खाल्लं.

आता ऐका. बाबा, रक्तदाबाची गोळी बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही. विहिरीच्या कठड्यावर चढून पंप बघायचा नाही. शेजारच्या पोराला सांगा, केळींना तो पाणी देईल. मोतीबिंदूची फाईल पिशवीत वरच ठेवा. मी गाडी घेऊन येतो, एसटीने निघू नका.

कारखान्यात यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मी आग्रह करणार नाही. सुकेळी मात्र थोडी जास्त आणा, इथे आता खाणारी चार माणसं आहेत. आई, तू एकही खायची नाहीस.

तुमचा,
बाळा