खातं बंद करताना कारण तरी सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालचा अग्रलेख दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा संताप आला. अमेरिकेच्या पुढाकाराने जमलेल्या १४ देशांच्या इंडो-पॅसिफिक गटाच्या व्यापारविषयक बोलण्यांतून भारत बाहेर राहिला, मित्रदेशांच्या डिजिटल व्यापार कराराची संधी आपण हातची घालवली आणि त्याचा खरा फटका ‘लहान विक्रेत्यांना’ बसला, असं आपण लिहिलंत. मी लहान विक्रेती आहे. सावंतवाडीच्या चितार आळीतल्या कारागिरांकडून लाकडी फळं आणि भातुकलीचे संच घेऊन परदेशात पाठवते. माझ्या नावाने कोणी भांडणार असेल तर माझं गाऱ्हाणं काय आहे ते त्याने आधी ऐकून घ्यावं.

२०२२ साली दिवाळीच्या अकरा दिवस आधी एका परदेशी विक्री संकेतस्थळावरचं माझं खातं बंद झालं. सकाळी उघडून बघते तर दुकानाच्या जागी कोरं पान. ईमेलमध्ये एकच ओळ होती : तुमच्या खात्यात आमच्या नियमांत न बसणारी हालचाल आढळली आहे. कोणता नियम, कसली हालचाल, काही नाही. ३८ ऑर्डरी बांधून तयार होत्या. सिडनीच्या होत्या, ओसाकाच्या होत्या, सिंगापूरच्या एका आजीची नातीच्या पहिल्या वाढदिवसासाठी होती. त्या खोक्यांवर मी माझ्या हाताने पत्ते लिहिले होते. खात्यात ९४ हजार रुपये अडकले. मी उलट ईमेल केला. चार मिनिटांत उत्तर आलं : निर्णय अंतिम आहे. पुन्हा केला, पुन्हा तेच उत्तर, शब्दन्‌शब्द तेच. असे १७ ईमेल केले. फोन नंबर कुठेच नाही. शेवटी मुलाने त्यांच्या अटींचं बाड वाचून काढलं, तेव्हा कळलं की तक्रार असेल तर अमेरिकेतल्या लवादाकडे जायचं. ९४ हजारांसाठी सावंतवाडीहून अमेरिकेला कोण जाणार? पैसे सहा महिन्यांनी मिळाले. खातं मिळालं नाही, आणि कारण आजतागायत कळलेलं नाही.

ज्या काकांकडून मी माल घेते त्यांनी त्या दिवाळीसाठी दोन मुलं हाताखाली घेतली होती. कातून ठेवलेली, रंग न चढलेली फळं त्यांच्या पडवीत पोत्यांनी पडून होती. संकेतस्थळाच्या यंत्राने खातं बंद केलं, माणसाने नाही, एवढं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “मगे त्या यंत्राकच इचारा.”

संपादक महाराज, नेमकी ती विचारण्याची वाट हे करार बुजवतात. आपल्या अग्रलेखात ‘सोर्स कोडचे संरक्षण’ हे शब्द एका दमात येऊन जातात. त्याचा अर्थ असा की, तुमचं सॉफ्टवेअर आतून कसं चालतं ते दाखवा तरच इथे धंदा करा, अशी अट कोणत्याही देशाने परदेशी कंपनीला घालायची नाही. प्रशांत महासागरी देशांच्या करारात हे कलम सोर्स कोडपुरतं होतं. अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांच्या २०१८ च्या करारात त्यात अल्गोरिदमही, म्हणजे सॉफ्टवेअर ज्या सूत्राने निर्णय घेतं तेही, आले, २०१९ च्या अमेरिका-जपान डिजिटल करारातही तेच. एखाद्या विशिष्ट प्रकरणात चौकशी करणाऱ्या यंत्रणेला किंवा न्यायालयाला सूट आहे, हे मला ठाऊक आहे. पण जिला कारणच कळलेलं नाही ती बाई कसली तक्रार घेऊन कुठल्या यंत्रणेकडे जाणार? चौकशी सुरू व्हायची कशी?

ग्राहकाच्या संरक्षणाचं कलम या करारांत असतं आणि ते असायलाच हवं. सिंगापूर, न्यूझीलंड आणि चिली यांनी २०२० साली केलेल्या करारात लहान उद्योगांसाठी एक वेगळा विभागही आहे. तो मी मुलाकडून समजून घेतला. त्यात सहकार्य आहे, माहितीची देवाणघेवाण आहे, संवाद आहे. बंद केलेल्या खात्याबद्दल एक ओळ नाही.

ज्या कलमांसाठी आपण हळहळता, त्यांचा पाठिंबा खुद्द अमेरिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये जिनिव्हात, जागतिक व्यापार संघटनेत, काढून घेतला. डेटाचा मुक्त प्रवाह, म्हणजे माहिती देशाच्या सीमेपलीकडे बिनअडथळा जाणं, आणि सोर्स कोड, दोन्हींचा. मोठ्या कंपन्यांना आवर घालणारे कायदे करायला स्वतःला मोकळीक हवी, असं त्यांनीच सांगितलं. पुढच्याच महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोला १४ देश जमले, तेव्हा गटाचे इतर विषय पुढे सरकले आणि व्यापाराचा तेवढा अडला. मग सप्टेंबर २०२२ मध्ये लॉस एंजेलिसला पीयूष गोयल यांनी व्यापाराच्या भागापासून दूर राहायचं ठरवलं, त्यात आपल्याला एवढी मोठी चूक कुठे दिसली?

सरकारची बाजू घ्यायला मी बसलेली नाही. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी झालेल्या करारात सोर्स कोडचं कलम भारतानेही मान्य केलंच. तेव्हा लिहायला हवा होता अग्रलेख. व्हिस्की किती स्वस्त होणार याच्या बातम्या सगळीकडे आल्या. या कलमावर मला तरी मराठीत एक धड लेख वाचायला मिळाला नाही.

मी मागते आहे ते काही जगावेगळं नाही. युरोपीय संघात जुलै २०२० पासून नियम लागू आहे : विक्रेत्याचं खातं स्थगित करताना कारण लेखी कळवायचं, आणि कायमचं बंद करायचं असेल तर एरवी ३० दिवस आधी सांगायचं. जपाननेही २०२० मध्ये असाच कायदा केला. आपल्या घरच्या विक्रेत्यांची काळजी घेणारा हा जपान त्या १४ देशांत आहे. ही मित्रराष्ट्रं आहेत ना? मग भारताने तिथे बसून हेच मागावं, की ओसाकाच्या विक्रेत्याला जे कारण मिळतं ते सावंतवाडीच्या विक्रेतीलाही मिळालं पाहिजे. निर्णय माणसाने पुन्हा तपासला पाहिजे. आणि दाद विक्रेत्याला स्वतःच्या देशात मागता आली पाहिजे. एवढी तीन वाक्यं ज्या करारात असतील त्याच्या बाजूने मी स्वतः सह्या गोळा करीन.

जाता जाता आणखी एक. हाच अग्रलेख मला सिंगापूरच्या त्या आजींना पाठवायचा होता म्हणून आपल्या ई-पेपरवर गेले. वाचण्याआधी मोबाइल नंबर, जन्मतारीख आणि फोनमधल्या संपर्कयादीची परवानगी मागितली. गेली बावीस वर्षं आपला अंक माझ्या घरी येतो. अग्रलेख वाचायला माझी जन्मतारीख कशाला लागते? आणि माझ्या फोनमध्ये त्या काकांचा नंबर आहे, त्यांनी आपलं काय वाकडं केलंय? नंबर दिल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मला कर्ज देणाऱ्यांचे फोन सुरू झाले आहेत. तो आपल्या यादीतून काढावा आणि काढल्याचं मला लेखी कळवावं.

आपली,
एक वाचक, सावंतवाडी