गोळ्यांचा डबा सोबत न्या

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, काल फोनवर तुम्ही सहज बोलून गेलात, "स्कॅनसाठी शुगरची गोळी आठ दिवस आधीच बंद केलीय." मी चिडले, ते सोडा. फोनवर सांगितलेलं तुम्ही आईपर्यंत पोचवत नाही, म्हणून लिहून पाठवते.

तुमच्या शुगरच्या गोळीतल्या मेटफॉर्मिनचं आणि सीटी स्कॅनच्या वेळी देतात त्या आयोडीनवाल्या इंजेक्शनचं आपसात वैर नाही. दोघांची बाहेर पडायची वाट मात्र एकच, किडनी. आपल्या आगरातला पाट तुंबला की पाणी साचतं ना, तसंच. किडनी मंदावली तर मेटफॉर्मिन अंगात साचतं आणि रक्तात लॅक्टिक ॲसिड वाढतं. क्वचितच होतं, पण झालं तर जिवावर बेततं. म्हणून ईजीएफआर, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारा रक्ततपासणीतला आकडा, ३० च्या खाली असेल तर गोळी थांबवतात आणि ४८ तासांनी किडनी तपासून मगच सुरू करतात. ३० ते ६० असेल तरी थांबवा, असं एफडीए, म्हणजे अमेरिकेची औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, २०१६ पासून सांगते. रेडिओलॉजिस्ट मंडळी तेवढी कडक नाहीत. तुमचा मागच्या महिन्यात ७२ होता! आठ दिवस बंद ठेवा असं कुणीच सांगत नाही. शुगर चढली असेल ती वेगळीच. आजच आपल्या डॉक्टरांना फोन करा.

आई, त्यांची ती लांबट पांढरी गोळी बघ. पाकिटावर मोठं नाव कंपनीचं. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. चिपळूणला स्कॅनच्या फॉर्मवर "मेटफॉर्मिन घेता का?" विचारलं की बाबा छातीठोकपणे "नाही" लिहितील. म्हणून अख्खा डबाच ने. आणि गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅकची पट्टीही. तीच ते लपवतात. ती किडनीचा रक्तपुरवठा कमी करते, त्यात हे इंजेक्शन. तिथे नुसतं "दुखण्याची गोळी" म्हणू नका, नाव सांगा.

कोळंबीने अंगावर गांधी उठतात हेही सांगा, पण त्यासाठी स्कॅन टाळू नका. "माशात आयोडीन, इंजेक्शनात आयोडीन" हे शेजारच्या काकांचं गणित चुकीचं आहे. कोळंबी बाधते ती तिच्यातल्या प्रथिनामुळे. पूर्वी अशाच इंजेक्शनाने त्रास झाला असता, तर गोष्ट वेगळी.

इंजेक्शन गेलं की अंगभर गरम लाट येते आणि लघवी झाल्यासारखं वाटतं. झालेली नसते. बाबा, घाबरून उठून बसू नका.

तुमची,
धाकटी