सहा पंधरांशचा कापलेला मार्क

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार. पत्र गणिताचं आहे, तरी छापाल अशी आशा.

माझी नात आठवीत आहे. गेल्या आठवड्यात क्लासच्या टेस्टमध्ये तिचा एक मार्क गेला. प्रश्न साधा होता, 6/15 चं दशांश रूप खंडित (कुठेतरी थांबणारं) की अखंड आवर्ती (तेच अंक पुन्हा पुन्हा येत राहणारं)? तिने लिहिलं खंडित, सरांनी लाल फुली मारली, का तर म्हणे छेद 15, त्याचे मूळ अवयव 3 आणि 5, आणि 3 आला की अखंड आवर्ती, नियमच आहे. अहो पण 6 भागिले 15 म्हणजे 0.4, संपलं की तिथेच! आधी वरखाली 3 ने भागा, 2/5 उरतात, मग छेदाकडे बघा. नियमात आधी अतिसंक्षिप्त रूप द्या असं असतं ते सर विसरले.

मार्काचं जाऊ द्या. माझा राग वेगळाच आहे, दशांश थांबायचा तर छेदात 2 आणि 5 हेच मूळ अवयव का चालतात हे पोरीला कुणी सांगितलेलंच नाही. आपण मोजतो दहाच्या पटीत, दशांश थांबायचा तर छेदाला कशाने तरी गुणून 10, 100, 1000 करता आलं पाहिजे. आणि 10 म्हणजे 2 गुणिले 5, मागे कितीही शून्यं लावा त्यात तिसरा मूळ अवयव शिरतच नाही. 8 म्हणजे तीनदा 2, त्याला 125 ने गुणलं की 1000, म्हणून 1/8 म्हणजे 0.125. तीनला कशानेही गुणा, 100 होणार नाहीत, हजारही नाहीत. झालं, एवढंच आहे, यात पाठ काय करायचंय?

माझे वडील मंडईजवळच्या एका दुकानात हिशेब लिहायचे. त्यांच्या वेळचा रुपया 16 आण्यांचा, आणा 12 पैचा, म्हणजे रुपयात 192 पै, आणि 192 म्हणजे 64 गुणिले 3. रुपया तिघांत वाटला की प्रत्येकी बरोबर 5 आणे 4 पै, बाकी शून्य. 1 एप्रिल 1957 ला शंभर नव्या पैशांचा रुपया आला आणि तिघांची वाटणी बिघडली (पाच जणांची मात्र सुधारली, 192 ला 5 ने भाग जात नाही). पावकी, निमकी, अडीचकी (पाव, अर्धा, अडीचचे पाढे) वाल्यांना काही फरक पडला नाही, कारण तिथे छेद 2 किंवा 4. परवा नात आणि तिच्या दोन मैत्रिणींचं मिसळीचं बिल झालं 500, मोबाइलने प्रत्येकी 166.67 दाखवले, तिप्पट केली तर 500.01. जास्तीचा पैसा कुणाचा यावर आमच्याकडे जेवताना वाद झाला!

शिक्षकांना हात जोडून विनंती, एकदा तरी वर्गात 1/7 चा भागाकार हाताने करून घ्या. बाकी 1 ते 6 मधलीच उरू शकते, त्यामुळे जास्तीत जास्त सहा पायऱ्यांत जुनी बाकी परत यावीच लागते, आणि 142857 पुन्हा सुरू होतं. नातीला हे रविवारी दाखवलं तर तिने आपणहून 1/17 घेतलं. बाकी अजून फिरून आलेली नाही, वहीचं पान मात्र संपत आलंय.

एक आजोबा,
सदाशिव पेठ, पुणे