घोट्यातल्या सुईसाठी

प्रिय ताई,

बारा आठवडे, दर आठवड्याला अर्धा तास, तुम्ही माझ्या घोट्याशी सुई टोचलीत. शेवटच्या दिवशी मी दारातूनच ‘येते हं’ म्हणून निघाले. म्हणून हे पत्र.

लघवीची घाई म्हणजे काय, ते भोगल्याशिवाय कळत नाही. कुठेही गेले की आधी स्वच्छतागृह कुठे ते बघायचं. रात्री चार-चार वेळा उठायचं. गोळ्यांनी तोंडाला कोरड पडायची, त्यामुळे त्या सुटल्या. मग डॉक्टरांनी अॅक्युपंक्चरसारखी बारीक सुई सुचवली तेव्हा मी मनात हसले. मूत्राशय कुठे, घोटा कुठे!

तुम्ही आधी पेसमेकर आहे का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, ते विचारलंत. मग समजावलंत: घोट्याच्या आतल्या हाडापासून साधारण ५ सेंटीमीटर वर जी टिबियल नर्व्ह जाते, तिची काही मुळं माकडहाडाच्या वर, मूत्राशय सांभाळणाऱ्या नसांपाशीच आहेत. सुईतून हलका करंट सोडला की तो तिथवर पोचतो. अॅक्युपंक्चरचा एक जुना बिंदूही तिथेच जवळ आहे म्हणे. माझा पायाचा अंगठा आपोआप वाकला आणि तुम्ही म्हणालात, ‘सापडली!’

तुम्ही आशा लावली नाहीत, हे मला सगळ्यात आवडलं. तुम्ही सांगितलंत, २०१० सालच्या एका अभ्यासात २२० रुग्ण होते. खऱ्या उपचाराने शंभरातल्या साधारण ५५ जणांना बराच फरक पडला, आणि तुलनेसाठी केलेल्या खोट्या, नुसत्या देखाव्याच्या उपचारानेही २१ जणांना. तो दुसरा आकडा तुम्ही लपवू शकला असतात.

मीच लपवाछपवी केली. पाचव्या आठवड्यात काहीच फरक दिसेना. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मी लघवीच्या नोंदींच्या वहीतून एक ‘कपड्यात झाली’ गाळली. तुम्ही पान उलटून बघितलंत आणि शांतपणे म्हणालात, ‘हे खरं नसेल तर सुईचा उपयोग होतोय की नाही, मला कळणार कसं?’ ओरडला असतात तर परवडलं असतं.

आठव्या आठवड्यानंतर फरक पडू लागला. आता रात्री एकदाच उठते. घाई अजून येते, पण दारापर्यंत वेळ मिळतो.

फरक टिकावा म्हणून पुढच्या महिन्यात जी सुई आहे, तिला वही घेऊन येते. गाळलेली ती नोंद तारखेसकट लिहिली आहे.

तुमची,
बुधवारची पेशंट