तिला इतक्यात हसवू नकोस

प्रिय अविनाश,

मुलांच्या चित्रपुस्तकासाठी लिहिलेल्या तुझ्या गोष्टीचा खर्डा वाचला. आजी गेल्यावर नव्या गावी आलेली ती मुलगी डोक्यातून जात नाही. कौतुक भेटल्यावर करीन, आधी अडखळलो ते सांगतो.

दुसऱ्याच पानावर आजी ‘शांत झोपी जाते’. हे वाक्य काढच. चार-पाच वर्षांचं मूल ऐकलेलं शब्दशः घेतं. आजी झोपली तर उठणार कधी, आणि मी झोपलो तर माझं काय, असं त्याच्या डोक्यात येणार. आजी वारली, तिचं शरीर आता चालत नाही, ती परत येणार नाही, असं सरळ लिही. मोठ्यांना ते कठोर वाटेल, वाटू दे. मरण कायमचं असतं हे लहान मुलांना एका दमात उमगत नाही, म्हणून तर ती तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. तुझ्या गोष्टीतल्या मुलीलाही विचारू दे. सगळं ऐकून गप्प बसणारी शहाणी मुलं फक्त गोष्टीतच असतात.

मग ते पानोपानी ‘तिला फार वाईट वाटलं’. सगळं मजकुरानेच सांगितलं तर चित्रकाराने काय करायचं? लेखक मायकेल रोझेनने स्वतःचा मुलगा वारल्यावर ‘सॅड बुक’ (२००४) लिहिलं, त्याचं पहिलं पान आठव. चित्रकार क्वेंटिन ब्लेकने रोझेनचा चेहरा हसरा काढलाय आणि मजकूर म्हणतो, हा माणूस दुःखीच आहे, आनंदाचं सोंग करतोय. मूल चेहऱ्याकडे पुन्हा बघतं ते त्यामुळेच.

नव्या शाळेच्या प्रसंगात तू फार समजावतोस. शॉन टॅनच्या ‘द अरायव्हल’ या चित्रपुस्तकात (२००६) कथन करणारा एकही शब्द नाही, आणि शहरातल्या पाट्यांची लिपी त्याने मनानेच रचलेली. परक्या शहरात आलेल्या नायकाला ती वाचता येत नाही, आपल्यालाही नाही. परकेपण असं अंगावर येऊ दे.

सर्वांत मोठी तक्रार शेवटाची. अशा पुस्तकाला बहुधा ३२ पानं मिळतात, म्हणजे सोळापानी दोन फर्मे (एकेका मोठ्या कागदाच्या घडीतून निघणारे पानांचे गठ्ठे). तू तिसाव्या पानापर्यंत रडवतोस आणि उरलेल्या दोनांत मैत्रीण, पतंग, हसू सगळं कोंबतोस. ती मैत्रीण मधल्याच एखाद्या चित्रात कोपऱ्यात उभी राहू दे, मजकुरात तिचा उल्लेखही नको. आणि मैत्रीण मिळाली म्हणून आजीची खुर्ची माळ्यावर कशाला टाकायची? दोघींना त्याच खुर्चीत दाटीवाटीने बसव की.

पुढच्या वेळी नुसता मजकूर पाठवू नकोस. कागद दुमडून पुस्तकाची डमी, म्हणजे कच्चा नमुना कर, पान उलटल्यावर काय समोर येतं ते मला बघायचंय. आणि हो, सातव्या पानानंतर ते मांजर कुठे गेलं? मुलं पहिलं तेच विचारतील.

तुझा,
श्रीधर