मत घ्यायला घरी येता, तसं दाखला घ्यायलाही या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मानेवाडा रोडवर माझं छोटंसं ऑनलाइन सेंटर आहे. पॅन कार्ड, सातबारा, परीक्षांचे फॉर्म, लाइट बिल, झेरॉक्स, असली सगळी कामं करतो. नोव्हेंबर लागला की माझ्याकडे हयातीच्या दाखल्यासाठी, म्हणजे पेन्शन चालू राहावी म्हणून दर वर्षी जिवंत असल्याचा पुरावा द्यावा लागतो त्यासाठी, म्हाताऱ्या माणसांची रांग लागते आणि त्यात माजी सैनिक बरेच असतात. बरीच वर्षं झाली हे बघून राहिलो, यंदा राहवलं नाही म्हणून लिहितो आहे. लांबलं तर माफ करा, पण कापताना शक्यतो पेन्शन नसलेल्या काकाजींचा भाग कापू नका.

आधी एका दुसऱ्या काकाजींचं सांगतो. वय एक्क्याऐंशी. तोफखान्यात होते, १९७१ च्या डिसेंबरात शकरगढ सेक्टरला. तोफांच्या आवाजानं एक कान तेव्हाच गेला, दुसरा हळूहळू जाऊन राहिला. माझ्या दुकानाला दोन पायऱ्या आहेत, त्या ते दाराची चौकट धरून चढतात. बोट मशीनवर ठेवलं की मशीन घेत नाही. अंगठा घेत नाही, मधलं बोट घेत नाही, ओल्या रुमालानं पुसलं, थोडं तेल लावून पाहिलं, तरी नाही. "बेटा, माहे बोटं तं घासूनच गेले रे," म्हणाले. आयुष्यभर गोळे उचलले, रिटायर झाल्यावर शेतात राबले, रेषा राहणार कुठून. मग चेहऱ्यावरून करायचं ॲप लावलं. त्यात डोळे मिचकवा असं सांगावं लागतं आणि त्यांना मी बोलतो ते ऐकू येत नाही, म्हणून मी समोर उभा राहून स्वतःचे डोळे मिचकवून दाखवले. कॅमेरा समोर धरला तसा तो माणूस स्टुलावर एकदम ताठ झाला, हात मांडीला चिकटवून, छाती पुढं, अगदी अटेन्शनमध्ये बसला. चौथ्या वेळेला दाखला निघाला. मागं फॉर्म भरायला आलेल्या पोरांची रांग होती पण कोणी एक शब्द बोललं नाही.

आता हे काकाजी नशीबवान समजायचे कारण त्यांना पेन्शन आहे, मुलगा गाडीवर बसवून आणतो. ज्याला आणणारं कोणी नाही त्याचा दाखला राहून जातो, मग पेन्शन थांबते, आणि थांबलेली पेन्शन सुरू करायला पुन्हा त्यालाच धावावं लागतं. पूर्वी बँकेतला ओळखीचा क्लार्क सांभाळून घ्यायचा, आता सगळं संरक्षण खात्याच्या पेन्शनच्या स्पर्श नावाच्या पोर्टलवर गेलं आहे, प्रयागराजहून चालतं. पोर्टल वाईट आहे असं मी म्हणत नाही, पैसे वेळेवर जमा होतात, स्लिप दिसते. पण दाखला काढताना पेन्शन देणारा म्हणून स्पर्श निवडायचं सोडून जुनी बँक निवडली गेली की दाखला भलतीकडेच जातो, आणि माणूस घरी निवांत बसलेला असतो की आपलं काम झालं. माझ्याकडे अशी केस दर वर्षी येते.

मला सगळ्यात जास्त काळजी मात्र ज्यांना पेन्शनच नाही त्यांची वाटते. बहुतेक लोकांना वाटतं फौजेत होता म्हणजे पेन्शन, कॅन्टीन, दवाखाना सगळं असणारच. तसं नाही. जवानाला पेन्शनसाठी साधारण पंधरा वर्षं सर्व्हिस लागते. कोणाचा बाप अचानक वारला, घरी आई आणि लहान भावंडं, शेती पाहायला कोणी नाही, म्हणून आठव्या-नवव्या वर्षी स्वतः अर्ज करून कागद घेऊन गावी आले, असे विदर्भातल्या गावागावात आहेत. लढाई लढले, पण पेन्शन नाही. वन रँक वन पेन्शन, म्हणजे सारखा हुद्दा आणि सारखी सर्व्हिस तर पेन्शनही सारखी, यासाठी एवढं मोठं आंदोलन झालं, २०१५ ला आदेश निघाला, १ जुलै २०१४ पासून लागू झालं, त्यानंतर पाच वर्षांनी फेरआढावा होतो, चांगलंच आहे, पण ज्याला मुळात पेन्शनच नाही त्याच्या हाती त्यातून काय येणार?

असे एक काकाजी मागच्या वर्षी माझ्याकडे रेशन कार्डाच्या कामाला आले. सत्तर ओलांडलेली, अंगावर एका अपार्टमेंटच्या वॉचमनचा निळा शर्ट. कागद काढायला पिशवी उलटी केली त्यात फौजेतून सुटताना मिळतं ते डिस्चार्ज बुक पडलं आणि एक छोटी प्लास्टिकची डबी. डबीत दोन मेडल, एक संग्राम मेडल आणि एक पश्चिमी स्टार. रिबन पार विटलेली, पण मेडल पुसून ठेवलेलं. मी विचारलं काकाजी हे काय, तर म्हणाले, "ते काही कामाचं नाही रे बापा, तू रेशनचं पाह्य." एकाहत्तरच्या लढाईतला माणूस रात्री दुसऱ्यांच्या गाड्यांची राखण करून राहिला होता आणि त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की त्याच्यासाठी मदत आहे.

मदत आहे. केंद्रीय सैनिक बोर्डाकडून पासष्टच्या वरच्या, हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याच्या, पेन्शन आणि दुसरं नियमित उत्पन्न नसलेल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना दरमहा मदत मिळते. आधी ४,००० रुपये होती, १ नोव्हेंबर २०२५ पासून ८,००० केली आहे. हा पैसा ध्वजदिन निधीतून येतो, तोच ७ डिसेंबरचा, ज्याची लहानशी झेंडी आपण शाळेत असताना छातीला लावायचो. अर्ज ऑनलाइन होतो आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पुढे जातो, त्याला माजी सैनिकाचं ओळखपत्र लागतं. या काकाजींकडे ओळखपत्रच नव्हतं. नोंदणी करायला पाहिजे हेच त्यांना पन्नास वर्षांत माहीत झालं नाही. मी त्यांचा फॉर्म भरून दिला, चार चकरा झाल्या, प्रत्येक वेळी नाइट ड्युटी करून झोप न घेता यायचे.

दवाखान्याचंही तसंच. ईसीएचएस ही माजी सैनिकांच्या उपचारांची योजना १ एप्रिल २००३ पासून आहे, पण ती मुळात पेन्शनवाल्यांची योजना. बिगर पेन्शनवाल्या जवानानं कुठं जायचं? त्याचं वय सत्तरच्या वर असेल तर आयुष्मानचं वय वंदना कार्ड निघतं, ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. हे कार्ड माझ्यासारख्या सेंटरवर बसून निघतं. तुमच्या गल्लीत असा कोणी असेल तर आजच काढून द्या.

आणि बायका. एक आजी आहेत, सक्करद्याकडच्या, नवरा सुभेदार होऊन रिटायर झालेला, दोन वर्षांपूर्वी गेला. फॅमिली पेन्शन अडकली कशावरून, तर नावावरून. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत, नवऱ्यानं डिस्चार्ज बुकात नोंदवलं माहेरचं नाव, आधारवर आहे सासरचं, बँकेत तिसरंच, कारण तिथल्या माणसानं नावातलं शेवटचं "बाई" गाळलं. जन्मतारीख तर कुठंच नाही, आधारवर १ जून, गुरुजींनी शाळेत टाकलेली. ज्या घरात फौजी आहे त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, तो जिवंत असतानाच पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजूर झाल्याचा कागद, काढून बघा त्यात बायकोचं नाव बरोबर आहे का, जन्मतारीख आहे का. ऐंशी पूर्ण झाली की पेन्शन २० टक्के वाढते, पंच्याऐंशीला ३०, नव्वदला ४०, पंच्याण्णवला ५० आणि शंभरीला दुप्पट, फॅमिली पेन्शनलाही हे लागू आहे, पण बाईची जन्मतारीखच कागदावर नसेल तर तिला ऐंशी कधी झाली हे कम्प्युटरला कसं कळणार? नवरा असताना ही दुरुस्ती एका अर्जावर होते. तो गेल्यावर या आजींना ॲफिडेविट, जाहिरात, फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्रं, असं करता करता सव्वा वर्ष लागलं. एका खिडकीवर तर त्यांना "घरात कोणी शिकलेलं नाही का" असं विचारलं. त्या माझ्या दुकानात बसून रडल्या, मी चहा आणून दिला, अजून काय करणार होतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की योजना आहेत, पण प्रत्येक योजनेपर्यंत म्हाताऱ्यानं चालत जायचं अशी त्यांची रचना आहे. एक ऑफिस इकडे, ईसीएचएसचं पॉलिक्लिनिक तिकडे, काही काम निघालं की कामठीची लष्करी छावणी, मानेवाड्याहून कामठी म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, ऑटोनं जाऊन येण्यातच पेन्शन नसलेल्या माणसाचे दोन दिवसांचे जेवणाचे पैसे जातात. मे महिन्यात तर विचारूच नका.

२०२४ च्या लोकसभेला पंच्याऐंशीच्या वरच्या मतदारांचं मत घ्यायला निवडणुकीची टीम घरी येत होती. आमच्या गल्लीतही आली, पेटी घेऊन, शिक्षक होते, पोलीस होता, आजोबांनी पलंगावर बसून मत दिलं. किती छान वाटलं होतं ते बघून. मत घ्यायला घरी येता येतं तर दाखला घ्यायला का नाही येता येत? पोस्टमन ७० रुपयांत घरी येऊन डिजिटल दाखला काढून देतो, ही सोय आहेच, पण किती म्हाताऱ्यांना माहीत आहे? आणि याद्या नाहीत असंही नाही. सैनिक कल्याण कार्यालयाकडे नोंदणी आहे, माजी सैनिकांना मालमत्ता करात माफी आहे म्हणजे महापालिकेकडेही नावं आहेत. नागपुरात दहा झोन. ऑक्टोबरात प्रत्येक झोनमध्ये एक दिवस, एक मशीन, एक रिटायर झालेला फौजी क्लार्क ज्याला पीपीओ वाचता येतो, आणि जे येऊ शकत नाहीत त्यांच्या घरी दुसऱ्या दिवशी फेरी. यादीत नाव नसलेला कोणी सापडला तर तिथंच नोंदणी. याला किती खर्च येईल हो?

१४ जानेवारीला माजी सैनिक दिन असतो, फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ ला त्या दिवशी निवृत्त झाले म्हणून. त्या दिवशी अख्खं नागपूर गच्चीवर पतंग उडवत असतं, कोणाच्या लक्षात राहत नाही. २६ जानेवारीला सीताबर्डीचा किल्ला उघडतो तेव्हा मात्र लेकरांना घेऊन आपण सगळे जातो, तोफेजवळ फोटो काढतो. तोफ चालवणारा माणूस आपल्याच मागच्या गल्लीत राहतो, त्याला मोठ्यानं बोलून विचारा की काकाजी काही कागद अडकला आहे का.

वॉचमनचं काम करणाऱ्या काकाजींचं ओळखपत्र आलं आहे, अर्ज पुढे गेला आहे, मदत अजून सुरू व्हायची आहे. दर सोमवारी सकाळी ड्युटीवरून घरी जाताना दुकानासमोर सायकल थांबवून विचारतात, "काही आलं का रे?" मी तोवर दुकानाच्या पायऱ्यांना लोखंडी कठडा बसवून घेतला. रविवारी सकाळी मानेवाडा, सक्करदरा, हुडकेश्वर या भागात ज्यांना दुकानापर्यंत येता येत नाही अशा माजी सैनिकांच्या किंवा त्यांच्या पत्नींच्या घरी मशीन घेऊन मी स्वतः जातो, पैसे घेत नाही. माझा नंबर तुमच्या ऑफिसात दिलेला आहे, कोणी विचारलं तर जरूर द्या.

आपला,
एक वाचक
मानेवाडा, नागपूर